वेशी उरल्या, तट गेला: कुवेतचा १९५२ चा आराखडा

कुवेत शहराच्या पहिल्या रिंग रोडवरून जाताना मोटारींच्या गर्दीत मध्येच मातीच्या रंगाच्या जुन्या वेशी दिसतात. जहरा वेस, शामिया वेस, आणखी एकदोन. त्यांच्या दोन्ही अंगांना तट नाही. हिरवळ आहे, झाडांना पाणी घालणाऱ्या नळ्या आहेत आणि पलीकडे रुंद रस्ता. वेशीतून कोणी आत जात नाही, कोणी बाहेर येत नाही. १९५७ साली तट पाडला, तेव्हा या वेशी तेवढ्या स्मारक म्हणून राखल्या गेल्या.

तो तट कोणा शत्रूने पाडला नाही. ज्या नगरवासीयांनी तो स्वतःच्या हातांनी उभारला, त्यांच्याच राज्याने, त्यांच्यातले कितीतरी जण हयात असताना, तो जमीनदोस्त केला. बांधकाम १९२० चे. म्हणजे तटाचे आयुष्य अवघे ३७ वर्षांचे.

आखाती शहरांच्या इतिहासात ही कथा बहुधा एकाच चालीवर सांगितली जाते. तेल सापडले, इंग्रज नगररचनाकार आले, त्यांनी इंग्लंडचा नकाशा वाळवंटावर अंथरला आणि एक नांदते अरबी शहर पुसले गेले. कथा सुटसुटीत आहे, तिच्यातला खलनायक ठरलेला आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. नकाशा इंग्रजांचा होता, यात वाद नाही. परंतु जुने कुवेत रिकामे झाले ते मुख्यतः सरकारने वाटलेल्या पैशामुळे, आणि नव्या कुवेतमध्ये घर कोणाला मिळणार हे ठरले ते नागरिकत्वाच्या कायद्यामुळे. हे दोन्ही निर्णय कुवेतमध्ये, कुवेतच्या राज्यकर्त्यांनी घेतले. तीन इंग्रज गृहस्थांच्या माथी सारे खापर फोडले, की या दोन निर्णयांची चौकशी करायचे राहूनच जाते.

मुळात पाडले गेले ते शहर कसे होते?

समुद्राकडे तोंड आणि वाळवंटाकडे पाठ, अशी त्याची ठेवण. किनाऱ्यावर जहाजबांधणीचे तळ, गलबते लागण्याच्या लहान गोद्या, मागे बाजार, त्यामागे घरे आणि सर्वांत मागे सफातचे मोकळे मैदान, जिथे वाळवंटातून आलेले बदू आपले उंट, तूप आणि लोकर घेऊन उतरत. शहराच्या पेठांना ‘फरीज’ म्हणत. शर्क म्हणजे पूर्वेची, जिबला म्हणजे पश्चिमेची, आणि आतल्या अंगाला मुरगाब. एका फरीजमध्ये श्रीमंत गलबतवाला आणि त्याच्याच गलबतावर मोती काढायला बुडी मारणारा पाणबुड्या भिंतीला भिंत लावून राहत असत.

घर मातीच्या विटांचे, बाहेरून जवळजवळ आंधळे, आत चौक. मराठी वाचकाने वाड्याचा चौक आठवावा. फक्त तुळशीवृंदावनाच्या जागी पावसाचे पाणी साठवण्याचे टाके कल्पावे. पुरुषांच्या बैठकीची खोली ती ‘दिवाणिया’. आपला दिवाणखाना हा तिचाच शब्दाच्या नात्याने भाऊबंद. छताला पूर्व आफ्रिकेच्या खाड्यांतून आलेले तिवराचे वासे, गलबताला मलबारचे सागवान, आणि पिण्याला शत्त अल-अरबच्या मुखाकडून गलबतांतून भरून आणलेले गोडे पाणी. ज्या शहराला पाणीसुद्धा जहाजाने आणावे लागते, त्याला बंदर हाच प्राण असतो. मोती विकायला आणि माल भरायला कुवेती व्यापारी मुंबईस येत. त्यांपैकी कित्येकांच्या पेढ्याच मुंबईत होत्या.

या शहराविषयी हळवे होणे सोपे आहे. ते टाळलेले बरे. मातीची घरे पावसाला टिकत नसत. १९३४ साली अतिवृष्टी झाली आणि इतकी घरे खचली, की ते वर्षच लोकांच्या बोलण्यात ‘हदामा’, म्हणजे पडझडीचे वर्ष, म्हणून राहिले. त्याच दशकात जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने आखाती मोत्यांचा बाजार बसवला होता. पाणबुड्यांचे जीवन तर पिढ्यान्‌पिढ्या कर्जात बुडालेले. जुन्या कुवेतमधला माणूस नव्या घराची वाट पाहत नव्हता, असे म्हणणे म्हणजे त्याच्या दारिद्र्याची शोभा करणे होय.

आता तटाकडे. १९२० च्या उन्हाळ्यात नज्दमधील इख्वान या कडव्या योद्ध्यांनी हम्द येथे कुवेतच्या तुकडीचा पराभव केला. शहर उघडे होते. शेख सालेम अल-मुबारक यांच्या काळात नगरवासीयांनी अवघ्या काही महिन्यांत सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा तट उभा केला. एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकालाही समुद्र, मध्ये मातीची कमान. प्रत्येक फरीजने आपल्या वाट्याचा भाग रचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जहराच्या लाल किल्ल्यापाशी लढाई झाली. तट मात्र प्रत्यक्ष हल्ल्याच्या कसोटीला लागलाच नाही. तरीही त्यानंतरच्या ३७ वर्षांत त्याने एक काम चोख केले. रात्री वेशी बंद होत, आणि आतला कोण, बाहेरचा कोण, हे रोज ठरे. तटाचे हे काम लक्षात ठेवावे. पुढे ते एका वेगळ्याच ठिकाणी पुन्हा भेटणार आहे.

बुर्गान येथे तेल १९३८ मध्ये लागले. महायुद्धामुळे विहिरी बंद ठेवाव्या लागल्या आणि पहिली निर्यात १९४६ च्या जूनमध्ये झाली. तेल कंपनीने शहरापासून दूर, दक्षिणेला, अहमदी नावाची आपली वसाहत वसवली. तिचा आराखडा करणारे जेम्स मॉलिसन विल्सन हे तरुणपणी नव्या दिल्लीच्या उभारणीत लट्यन्स यांच्या हाताखाली काम केलेले वास्तुविशारद. दिल्लीत साहेब, बाबू आणि चपराशी यांची घरे हुद्द्याप्रमाणे वेगवेगळ्या रस्त्यांवर होती. अहमदीतही तेच झाले. गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले एकीकडे, भारतीय व पाकिस्तानी कारकुनांच्या चाळी दुसरीकडे, अरब मजूर तिसरीकडे. कुवेतच्या माणसाने पाहिलेले पहिले ‘आधुनिक’ शहर हे असे होते, ही गोष्ट सहसा कोणी नोंदवत नाही.

१९५० मध्ये शेख अब्दुल्ला अल-सालेम अल-सबाह गादीवर आले. पुढच्याच वर्षी इराणने आपले तेल राष्ट्रीयीकृत केले, अबादानचा कारखाना बंद पडला, आणि ती तूट भरून काढण्यासाठी कुवेतमधून उपसा वाढवला गेला. १९५१ च्या डिसेंबरात कंपनीशी नफ्याच्या निम्म्या वाट्याचा करार झाला. एका लहानशा बंदराच्या तिजोरीत अकस्मात इतका पैसा आला, की तो खर्चावा कसा हाच राज्यापुढचा पेच झाला.

याच सुमारास लंडनच्या मिनोप्रिओ, स्पेन्सली आणि मॅकफार्लेन या नगररचनाकारांना पाचारण झाले. अँथनी मिनोप्रिओ यांनी नुकताच लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉली या नव्या नगराचा आराखडा केला होता. मुस्लिम जगाविषयी आपल्याला फारसे ठाऊक नव्हते, जे येत होते तेच देता आले, अशी कबुली त्यांनी पुढे मोकळेपणाने दिली. ही कबुली त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वारंवार पुढे केली जाते. खरे तर ती प्रामाणिकपणाची खूण आहे. त्या काळातल्या किती सल्लागारांनी असे काही म्हटले असेल?

आराखडा १९५२ चा म्हणून ओळखला जातो. त्याची आकृती अर्ध्या चाकासारखी. समुद्राच्या बाजूला चाकाचा तुंबा, म्हणजे जुने शहर. तटाच्या वेशींतून वाळवंटात गेलेल्या जुन्या वाटा हे आरे. त्यांना छेदणारे अर्धवर्तुळाकार रस्ते म्हणजे धावा; आज ते पहिला, दुसरा, तिसरा रिंग रोड या नावांनी चालतात. पश्चिमेला शुवैख येथे बंदर, उद्योग, शाळा आणि रुग्णालये. तटाच्या जागी हरितपट्टा. जुन्या शहरात मुख्यतः राज्यकारभार आणि व्यापार. राहण्यासाठी तटाबाहेर नव्या वस्त्या: शामिया, कैफान, फैहा, दस्मा आणि इतर.

या वस्त्यांमागची कल्पना क्रॉलीमधलीच, आणि तिचे मूळ त्याहून मागे, १९२९ साली अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी मांडलेल्या सिद्धान्तात होते. एका प्राथमिक शाळेला पुरतील इतकी घरे, मध्यभागी शाळा, दुकाने आणि प्रार्थनास्थळ. वाहनांचे मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, आतून नव्हे. मुलाने मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जावे, हा त्यामागचा साधा हिशेब. कुवेतमध्ये चर्चच्या जागी मशीद आली. या कल्पनेत स्वतःहून वाईट असे काही नाही. शाळा, दवाखाना, बाजार हाताशी असलेली वस्ती कोणाला नको आहे?

आणि आराखड्याने दिले तेही मान्य केले पाहिजे. १९५३ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करण्याचा सरकारी कारखाना शुवैख येथे सुरू झाला, आणि शत्त अल-अरबकडून पाणी आणणाऱ्या गलबतांचे दिवस संपत आले. शाळा आणि दवाखाने विनामूल्य झाले. एका पिढीपूर्वी कर्जबाजारी असलेल्या पाणबुड्याचा मुलगा शुवैखच्या भव्य माध्यमिक शाळेत शिकू लागला. शेख अब्दुल्ला यांची कारकीर्द कुवेतमध्ये आदराने आठवली जाते, ती उगाच नव्हे.

मग शहर मेले कशाने?

इथे १९३८ सालात एक फेरी मारावी लागते. त्या वर्षी कुवेतच्या व्यापाऱ्यांनी शेखाच्या एकहाती कारभाराविरुद्ध उठून स्वतःची निवडलेली सभा स्थापली. जकात, बंदर, तिजोरी यांवर अधिकार मागितला. सहा महिन्यांत ती सभा बरखास्त झाली. तिचे अध्यक्ष कोण होते? हेच अब्दुल्ला अल-सालेम, तेव्हा राजघराण्यातील एक सदस्य. व्यापाऱ्यांची नाराजी म्हणजे काय, हे त्यांच्याइतके जवळून दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. बारा वर्षांनी ते शेख झाले, तेव्हा तिजोरी व्यापाऱ्यांच्या जकातीवर अवलंबून राहिली नव्हती. परंतु व्यापारी घराणी होती, त्यांच्या अपेक्षा होत्या, आणि शहरातील बरीचशी जमीन त्यांच्याच हातात होती.

‘तथमीन’ हा अरबी शब्द याच काळात कुवेतच्या घराघरांत पोहोचला. अर्थ साधा: किंमत ठरवणे. आराखड्यातील रस्ते आणि नव्या इमारतींसाठी जागा लागणार, ती सरकार विकत घेणार. मात्र सरकारने ठरवलेल्या किमती बाजारभावाच्या कितीतरी वर होत्या, आणि तो अपघात नव्हता. तेलाचे उत्पन्न लोकांपर्यंत पोहोचवण्याचा मार्ग म्हणूनच ही खरेदी आखली गेली. कर नाही, शेती नाही, उद्योग नाही. अशा देशात पैसा वाटायचा कसा? घर विकत घ्या, भरपूर मोबदला द्या, तटाबाहेर स्वस्तात भूखंड द्या.

भारतीय उपखंडात भूसंपादन म्हटले की कमी मोबदला, कोर्टाच्या फेऱ्या आणि उजाडलेली गावे डोळ्यांपुढे येतात. कुवेतमध्ये चित्र नेमके उलटे होते. तिथे लोक आपले घर पाडले जावे म्हणून खटपट करीत. रस्ता आपल्या दारावरून गेला तर भाग्य उघडले. आज अमुक फरीजमधून रस्ता जाणार, ही बातमी ज्याच्या कानावर आधी येई तो तिथली घरे स्वस्तात घेऊन ठेवी आणि सरकारला महागात विकी. बातमी आधी कोणाच्या कानावर येत असेल, हे सांगायला नको. तटाबाहेरच्या मोकळ्या वाळवंटातही खुंट्या ठोकून, कुंपणे घालून ‘ही आमची जमीन’ असे दावे उभे राहिले, आणि राज्यालाच त्यांना मर्यादा घालावी लागली.

जाता जाता एक बारीक गोष्ट. कुवेतचे चलन तेव्हा भारतीय रुपया होते. सोन्याच्या चोरट्या व्यापाराने भारताची परकीय गंगाजळी झिजू लागली, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. एप्रिल १९६१ मध्ये कुवेतचा दिनार आला, एका दिनारास १३⅓ रुपये या भावाने. म्हणजे शर्क आणि जिबलाच्या वाड्यांची जी पहिली मोठी विक्री झाली, तिचा हिशेब रुपयांत झाला. जुन्या मुंबईच्या पेढ्यांशी असलेले नाते अशा रीतीने शेवटचे उपयोगी पडले.

१९६१ आणि १९६३ मध्ये जागतिक बँकेची पथके कुवेतला आली. त्यांच्या १९६५ च्या अहवालात या जमीनखरेदीवर स्पष्ट टीका आहे: पैसा मूठभरांकडे जातो, त्यातला मोठा भाग देशाबाहेर गुंतवला जातो, आणि जमिनीच्या किमती आकाशाला भिडतात. सरकार महाग घेतलेली जमीन पुढे अल्प किमतीत खासगी हातांत विकत होते, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. नगररचनेच्या कोणत्याही पुस्तकात असे धोरण सापडणार नाही, कारण त्याचा हेतू नगररचना हा नव्हताच.

परिणाम नकाशावर दिसला. रस्त्याला लागेल तेवढीच जागा घ्यावी, असे बंधन राहिले नाही. फरीजच्या फरीज विकत घेऊन सपाट झाले. पुढे त्या जागी काय बांधायचे हे ठरलेलेच नव्हते. म्हणून जुन्या कुवेतच्या मध्यभागी वर्षानुवर्षे रिकामी मैदाने राहिली आणि मोटारी उभ्या करायला कामी आली. आराखड्यात जुने शहर राज्यकारभाराचे आणि व्यापाराचे केंद्र व्हायचे होते. केंद्र झाले, पण संध्याकाळी दुकाने बंद झाली की तिथे कोणी उरेना. ही पोकळी मिनोप्रिओंच्या पेन्सिलीतून आली नाही. त्यांचा आराखडा ज्या शहरात तथमीन नसते, तिथे इतका विध्वंस करूच शकला नसता.

याला साक्ष दुबईची. १९६० मध्ये ब्रिटिश वास्तुविशारद जॉन हॅरिस यांनी दुबईचा पहिला आराखडा केला. तोही रस्ते, विभाग आणि नवे नगरकेंद्र यांचाच, म्हणजे जात एकच. पण दुबईत तेल लागले १९६६ मध्ये. शेख रशीद यांच्याकडे जुन्या पेठा विकत घेऊन पाडण्याइतका पैसाच नव्हता. जे व्हायचे ते बेताने, एकेक करून झाले. खाडीवरचा पहिला पूल १९६३ चा. बस्तकिया ही पवनमनोऱ्यांच्या वाड्यांची इराणी व्यापाऱ्यांची पेठ १९८० च्या दशकापर्यंत उभी होती. तेव्हा अर्धी पडली आणि उरलेली वाचवण्याची जाणीव तोवर आलेली होती. दुबईला शहाणपण अधिक होते म्हणून नव्हे, पैसा उशिरा आला म्हणून.

आता त्या दुसऱ्या निर्णयाकडे. १९५७ मध्ये तट पडला. त्याच वर्षी कुवेतची पहिली जनगणना झाली: लोकसंख्या २,०६,४७३. त्यांत कुवेती १,१३,६२२ आणि परदेशी ९२,८५१. पॅलेस्टिनी शिक्षक आणि अभियंते, इराणी हमाल, इराकी, भारतीय व पाकिस्तानी कारकून, ओमानी मजूर. ज्यांच्या हातांनी नवे शहर बांधले जात होते, ते जवळजवळ निम्मे झाले होते.

दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, नागरिकत्वाचा कायदा आला. मूळ कुवेती कोण? जे १९२० पूर्वी कुवेतमध्ये स्थायिक झाले आणि राहत आले, ते आणि त्यांचे वंशज. वर्ष नीट पाहावे. १९२०. तट बांधल्याचे वर्ष. मातीचा तट पाडून दोनच वर्षे झाली तोच त्याची तारीख कायद्याच्या कलमात जाऊन बसली; आणि या दुसऱ्या तटाला रात्री लागणारी आणि सकाळी उघडणारी वेस नव्हती.

याचा नगररचनेशी थेट संबंध आहे. नव्या वस्त्यांमधले भूखंड कुवेती नागरिकांनाच मिळत. परदेशी माणसाला जमीनजुमला घेता येत नसे. म्हणजे शामिया, कैफान, फैहा या शाळा-दवाखान्यांनी सज्ज वस्त्या एका वर्गापुरत्या राहिल्या, आणि उरलेल्या निम्म्या शहराला आराखड्यात जागाच नव्हती. ते हवल्ली आणि साल्मिया या जुन्या खेड्यांभोवती, भाड्याच्या इमारतींत दाटीवाटीने राहू लागले. हवल्लीत पॅलेस्टिनींची एवढी मोठी वस्ती झाली, की ते जणू स्वतंत्र शहरच बनले. ज्यांची नोंद वेळेत झाली नाही, अशा अनेक बदू कुटुंबांच्या वाट्याला आणखी दूरची, शहराच्या कडेवरची झोपडवस्ती आली.

जुन्या फरीजमध्ये गलबतवाला आणि पाणबुड्या शेजारी राहत होते. त्या शेजारात समता नव्हती, हे खरेच. पण रोजची गाठ होती. नव्या आराखड्याने मोठाले भूखंड, भोवती कुंपण, मध्ये बंगला आणि दारात मोटार दिली, आणि शेजारी कोण असेल हे आधी नागरिकत्व पाहून ठरवले. पेरी यांच्या सिद्धान्तात शेजारवस्ती ही परक्यांना शेजारी बनवण्याची युक्ती होती. कुवेतमध्ये तीच युक्ती परक्याला परका ठेवण्याच्या कामी आली. आकृती तीच राहिली, अर्थ मात्र उलटला.

साबा जॉर्ज शिबर यांना यातील बरेच दिसले होते. हे अमेरिकेत शिकलेले पॅलेस्टिनी नगररचनाकार १९६० मध्ये कुवेतला आले, तोवर तट गेला होता. १९६४ मध्ये त्यांनी ‘द कुवेत अर्बनायझेशन’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला: नकाशे, छायाचित्रे, आकडे, आणि पानोपानी चिडचिड. रस्ते आधी आणि शहर नंतर, ही रीत त्यांना मान्य नव्हती. जमिनीची उधळपट्टी, पसरत गेलेली उपनगरे, वारशाची बेफिकीर मोडतोड, अरबी हवामानाला न शोभणारे उघडेबोडके बंगले, यांवर त्यांनी झोड उठवली. तरी त्यांनाही सरकारी चौकटीतच काम करावे लागले, आणि १९६८ मध्ये ते गेले. त्यांच्याविषयी एक गोष्ट खटकते. जो माणूस पाडलेल्या शहरासाठी सर्वांत अधिक हळहळला, तो स्वतः त्या शहराचा नागरिक नव्हता, आणि १९५९ च्या कायद्याच्या दृष्टीने मूळ कुवेती कधीच ठरणार नव्हता.

यावर असा आक्षेप येईल, की १९५० च्या दशकात दुसरा मार्ग होता कुठे? लोकसंख्या भराभर वाढत होती, मातीची घरे कोसळत होती, मोटारी आल्या होत्या. आक्षेप रास्त आहे. तटाबाहेर वस्त्या होणारच होत्या; तट कधी ना कधी पडणारच होता; जगात बहुतेक तटबंद शहरांचे तेच झाले. पण रस्त्यापुरती जागा घेणे आणि अख्खी पेठ विकत घेणे, यांत पुष्कळ अंतर आहे. तेलाचा पैसा वाटण्याचे मार्गही अनेक होते. पगार, शिक्षण, निवृत्तिवेतन यांतून कुवेतने तो वाटलाच. जमिनीतून वाटणे ही निवड होती, आणि ती जमीनवाल्यांच्या सोयीची होती. तसेच, वाढत्या शहरात बाहेरून आलेल्यांना भाडेकरू म्हणून ठेवणे हीही निवडच. या निवडींना ‘आधुनिकतेची अपरिहार्यता’ म्हणणे हा इतिहासाचा आळस आहे. आणि ‘वसाहतवादी नकाशा’ म्हणणे हाही आळसच, फक्त अधिक लोकप्रिय.

१९६५ ची जनगणना आली तेव्हा लोकसंख्या ४,६७,३३९ झाली होती. आठ वर्षांत दुपटीहून अधिक. त्यांत कुवेती २,२०,०५९. स्वतःच्या शहरात ते अल्पसंख्य झाले होते. तीन वर्षांनी नव्या आराखड्यासाठी पुन्हा एका ब्रिटिश नगररचनाकाराला, वाहतुकीचे तज्ज्ञ म्हणून गाजलेल्या कॉलिन ब्युकॅनन यांना, बोलावणे गेले.

त्या वर्षांत शर्क आणि मुरगाबमध्ये काही जुने वाडे अजून उभे होते. मूळ मालक केव्हाच शामियाला किंवा दस्माला नव्या बंगल्यात राहायला गेले होते. तथमीनची पाळी येईपर्यंत घर मोकळे कशाला ठेवायचे, म्हणून त्यांनी ते भाड्याने दिले होते. चौकाभोवतीच्या खोल्यांत दूरदेशीचे एकटे मजूर दाटीने राहत. चौकात कपडे वाळत, आणि दिवाणियात अंथरुणांच्या गुंडाळ्या रचलेल्या असत. सकाळी ते कामावर जात. पुष्कळांचे काम जुनी घरे पाडण्याचेच होते.